इतक्या वर्षांनी पोचलेला निरोप

फादर, संगीता, गिरीजचे माझे भाऊबंद, आणि पलीकडच्या बिल्डिंगांमधून आलेले शेजारी,

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात. देव तुमचं भलं करो. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण आज सगळ्यांना कळावं म्हणून अशी बोलते. मला सभेत बोलायची सवय नाही. देवळात वाचनालासुद्धा मी कधी उभी राहिले नाही.

मी लुसी. आज ज्याला आपण निरोप देतोय, तो जोकिम माझा चुलत दीर. आणि माझ्या नवऱ्याच्या, पास्कूच्या मरणाबद्दल खोटं बोललेला माणूस.

थांबा. कुजबुजू नका. त्याच्या लेकीला, संगीताला विचारून बोलते आहे. जोकिमनंच मला सांगितलं होतं, "वहिनी, माझ्यामागं सगळे चांगलंच बोलतील. तू खरं बोल." म्हणून बोलते.

टँकरचे दिवस आठवतात ना? आपल्या विहिरींचं पाणी दिवसभर उपसून विकायला जायचं. जोकिमच्या विहिरीवर टँकर लागायचे, आणि आमच्या विहिरीचं पाणी खारं होत गेलं. केळीची पानं कडेनं करपली. पास्कूनं जोकिमला किती समजावलं! दोघं लहानपणापासून एकत्र. नाताळात देवळातला येशूजन्माचा गोठा दोघं मिळून बांधायचे. पण जोकिम ऐकेना. शेवटी पास्कू म्हणाला, "उद्या मी टँकरपुढं उभा राहतो. बघू कसा जातो."

तो उभा राहिला. टँकर थांबला नाही.

ड्रायव्हर म्हणाला, माणूस घसरून चाकाखाली आला. पोलिसांनी जोकिमला विचारलं, कारण गल्ली त्याची, विहीर त्याची. जोकिम म्हणाला, "मी घरात होतो. मी काही पाहिलं नाही."

मी काही पाहिलं नाही. एवढंच. त्या एका वाक्यावर सगळं मिटलं.

माझ्या मनात मात्र मिटलं नाही. दर रविवारी देवळातल्या मिस्सात एकमेकांना शांती द्यायची वेळ यायची. जोकिम दोन बाकं पुढं असायचा. तो मागं वळायचा, हात पुढं करायचा. मी पदर सावरायची, मूर्तीकडं बघायची. लोक म्हणायचे, लुसी, सोडून दे, आपण ख्रिस्ती माणसं. मी विचारायची, काय सोडू? तो काही बोललाय का, की मी सोडू?

मग जोकिमला कॅन्सर झाला. हे सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगते.

एका सकाळी संगीता माझ्याकडं आली. मी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. म्हणाली, "काकी, बाबा ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. फादर घरी आले तरी तोंड मिटून घेतात. म्हणतात, या तोंडानं मी खोटं बोललोय, या तोंडात नको. तुम्ही या ना."

खरं सांगू? मला दया आली नाही. मला राग आला. म्हटलं, आयुष्यभर गप्प बसला, आणि आता त्याच्या स्वर्गाची किल्लीही मीच शोधून द्यायची? मी तशीच फादरांकडं गेले. जोकिमच्या कुमसाराबद्दल, पापाच्या कबुलीबद्दल, फादर एक शब्द बोलले नाहीत, आणि बोलणारही नाहीत. मीच विचारलं, "फादर, मी क्षमा केली नाही, तर देव करणार नाही का?"

फादर म्हणाले, "लुसीबाई, देवाची क्षमा तुमच्या परवानगीसाठी थांबलेली नाही. पण तो माणूस थांबलाय."

मी गेले. खाटेवर जोकिम एवढासा झाला होता. मी बसले नाही. उभ्यानंच विचारलं, "त्या दिवशी तू कुठं होतास?"

तो म्हणाला, "पास्कूजवळ होतो, वहिनी. ड्रायव्हरनं बघून गाडी घातली. मी धावलो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हात माझ्या हातात."

"काही बोलला?"

जोकिम रडायला लागला. म्हणाला, "बोलला. घरी सांग, मला थोडा उशीर होईल."

एवढंच बोलला पास्कू. घरी सांग, मला थोडा उशीर होईल. त्याला कळलंच नव्हतं की तो चाललाय. आणि मी इकडं जेवण झाकून बसले होते, चिडले होते, की हा माणूस कधी वेळेवर येत नाही.

तो निरोप जोकिमला मला देता आला नाही. कारण निरोप दिला असता, तर तो तिथं होता हे कबूल करावं लागलं असतं. माझ्या नवऱ्याचा शेवटचा शब्द इतकी वर्षं या माणसाच्या घशात अडकून होता.

मी खाली बसले. त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग त्याचा हात हातात घेतला. पास्कूनं शेवटी धरला तो हाच हात ना? कितीतरी वेळ मी तो सोडला नाही. मग म्हटलं, "जोकिम, मी तुला क्षमा केली. पोलिसांना सांगशील?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं वकिलाला बोलावून सगळं सांगितलं, पोलिसांना द्यायला लिहून दिलं. पुढं काय होईल, मला माहीत नाही. क्षमा केली म्हणजे झाकून टाकलं, असं नाही. त्या संध्याकाळी फादर आले. जोकिमनं तोंड उघडलं, ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि पोर झोपतं तसा झोपला. त्यानंतर थोडेच दिवस जगला. पण ते दिवस तो डोळे वर करून जगला.

मला लोक विचारतात, लुसी, तुझं दुःख गेलं का? नाही गेलं. पास्कू नाहीच आहे. पण मी त्याच्यासाठी आता नीट रडू शकते. आधी रडायला बसले, की मध्ये जोकिम यायचा. देवानं दया जोकिमवर केली की माझ्यावर, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता शेवटचं. त्या दिवशी गल्लीत जोकिम एकटाच नव्हता. भर दुपार होती. खिडक्या उघड्या होत्या. मी कोणाचं नाव घेत नाही, कोणाकडं बघतही नाही. पण ज्यानं पाहिलं असेल त्यानं मरण जवळ यायची वाट बघू नये. माझ्या घरी या. दार लोटलेलंच असतं. मी ओरडणार नाही. चहा टाकीन.

चला, उभे राहू या. जोकिमसाठी, पास्कूसाठी, आणि आपल्यातल्या गप्प राहिलेल्या सगळ्यांसाठी देवाकडं दया मागू या. मोठ्यानं नको. मनातल्या मनात.