एकेक डहाळी

ललिता : धुळीतले हे खड्डे पाहा, बाई. लहान असो की मोठा, उतार सगळ्यांचा सारखाच. तळाशी एक किडा लपून असतो. मुंगी काठावर आली की धूळ घसरते आणि ती थेट त्याच्या तोंडात.

कौशल्याबाई : ललिता, मी किड्यांचे खड्डे पाहायला आले नाही. आपल्या नववीच्या बावीस मुली या जंगलातून तलावापर्यंत चालू शकतील का, एवढंच पाहायला आले आहे. कंबर दुखली की परत फिरणार, हे मी मोहाडीलाच सांगितलं होतं.

ललिता : हो. मोहाडीच्या बसस्टँडवर. नंतर साकोलीतही.

कौशल्याबाई : मुख्याध्यापिकेची चेष्टा करतेस?

ललिता : नाही बाई. नोंद ठेवते.

नत्थू : मोठ्या बाई, दमल्या असान तं बसा जी घडीभर. तलाव जवरच हाय.

कौशल्याबाई : नत्थूभाऊ, हे ‘जवरच’ तुम्ही दीड तासापूर्वीही म्हणाला होतात.

नत्थू : तवा बी जवरच होता. आता आनखी जवर आला.

कौशल्याबाई : ऐकलंस? हा तुझा वाटाड्या. तीन कोस चालायचं, शिदोरी घ्यायची, पांघरुणं घ्यायची...

ललिता : पाठीवर घ्यायची. शिवणाच्या तासाला दोन पट्ट्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत. ज्यांनी शिवल्या त्या साऱ्या सासरी गेल्या. पिशव्या कपाटात आहेत.

कौशल्याबाई : या सहलीला मी उगाच ‘नको’ म्हटलं नाही. पंचाहत्तरला गोवराची साथ होती. शहात्तरला शाळा-तपासणी. सत्त्याहत्तरला... सत्त्याहत्तरला काय म्हणाले होते मी?

ललिता : ‘पाहू’ म्हणालात.

कौशल्याबाई : आणि यंदा?

ललिता : यंदाही ‘पाहू’च. म्हणून तर पाहायला आणलं तुम्हाला. बाई, या नववीतल्या निम्म्या मुली पुढच्या वर्षी शाळेत नसतील. ‘जंगलातील एक दिवस’ या निबंधात सोळा जणींनी सिंह लिहिलाय. भंडारा जिल्ह्यात सिंह!

नत्थू : सिव्ह? म्या पंचेचाळीस साल झाले, नाही पायला.

कौशल्याबाई : हसू नका. आंधळगावला सातवीत होते तेव्हा माझा असाच निबंध भंडाऱ्यात पहिला आला होता. ‘मी पाहिलेले जंगल.’ बाबांनी दादाला बैलबंडीत बसवून इकडे आणलं. मला घरीच ठेवलं. तो परतला, तसं मी आठ दिवस त्याला विचारून विचारून लिहिलं.

ललिता : मग स्वतः कधी आलात?

कौशल्याबाई : आज.

नत्थू : अरे बापा! मंग उभ्या राहा जी. इकडं या. या येनाच्या झाडाले हात लावून पाहा. मोहोळ खायले अस्वल चढलं होतं, त्याचे नखं.

कौशल्याबाई : अगं बाई! केवढी खोल! ललिता, मोज बरं, बोटं किती?

ललिता : पाच. वरच्या ओरखड्यातही पाच.

कौशल्याबाई : दादानं हे सांगितलंच नव्हतं. लबाड! त्यानं पाहिलंच नसेल. आणखी कुठे आहेत का हो?

ललिता : बाई, कंबर?

कौशल्याबाई : राहू दे कंबर. चला पुढे.

नत्थू : पुढं अशीच नाही जा लागत. चपला काढा. हा पाल्याचा ढीग दिसते ना, हा देव होय. वाटंनं जानारा हिरवी डहाळी टाकते, मंगच पाय उचलते. आपल्या मानसायच्या नावानं एकेक टाका.

कौशल्याबाई : कुठल्याही झाडाची चालते?

नत्थू : हिरवी पायजे, बस. हे माही झाली. लहान्या बाईची झाली. मोठ्या बाई, तुमी किती तोडून राहिल्या जी? झुडूप खराटा करता का?

कौशल्याबाई : मध्ये बोलू नका, चुकेल माझं. सीता, शकुन, बेबी, गिरजा...

नत्थू : हा कोनता मंतर होय?

ललिता : मंत्र नाही, नत्थूभाऊ. नववीची हजेरी आहे.

कौशल्याबाई : ...इंदू, यमुना. बावीस. झालं.

नत्थू : घोटाळा झाला! आपले मानसं म्हनलं म्या, ते आज या वाटंनं चालनारे. आपन तिघं.

कौशल्याबाई : तुम्ही ‘आपली माणसं’ म्हणालात. मला दुसरं कोण आठवणार?

नत्थू : ते बी खरं. पन ज्याच्या नावानं टाकली, त्याले एक डाव तरी या वाटंनं या लागते.

कौशल्याबाई : आणि नाही आलं तर? कोपतो का तुमचा देव?

नत्थू : कोपत-गिपत नाही जी. बसते बिचारा वाट पाहत.

ललिता : बाई, बसायचं का थोडं?

कौशल्याबाई : शकुनचं लग्न कधीचं धरलंय?

ललिता : फाल्गुनातलं. त्यानंतर ती शाळेत येणार नाही.

कौशल्याबाई : नत्थूभाऊ, चुकून टाकलेल्या डहाळ्या परत उचलता येतात?

नत्थू : येते ना. कोन मना करते? चुकीनं टाकल्या, उचलून घ्या. देवाले समजते.

ललिता : उचलू, बाई? तुम्ही वाकू नका. मी उचलते.

कौशल्याबाई : हात नको लावू त्यायले. माघात घेऊन येऊ आपन पोरीयले. एकूनएक.