नववं मत

सर्जेराव : बाद करा साहेब, अन् मोकळे व्हा. एका कागदापायी एवढा वेळ कशाला लावून राह्यले?

बद्रीनाथ : सर्जेराव, मी सगळ्याच सदस्यांना पंधरा मिनिटं ओट्यावर थांबायला सांगितलंय. तुम्हीही सदस्यच आहात. बाहेर बसा.

सर्जेराव : बसतो की. पाच वर्षं सरपंच म्हणून ह्याच खोलीत बसलो, आता ओट्यावर बसतो. पण आधी मला हिशोबानं सांगा. गावातून नऊ जण निवडून आले. आज त्या नवांनी सरपंच निवडायचा. आठ कागद तुमी उघडले. चार बेबीनंदाला, चार चांगुणाबाईला. इथवर बराबर?

बद्रीनाथ : बरोबर.

सर्जेराव : अन् नववा उघडला तसे तुमी गप झाले. म्या बाजूलाच व्हतो. चांगुणाबाईच्या नावापुढं शिक्का हाय, अन् त्याच्या बगलंला अख्खा अंगठा उमटेल हाय. गुप्त मतदानात अंगठा म्हणजे सही. सही केलेलं मत बाद. हे म्या न्हाई, तुमचं निवडणुकीचं पुस्तक सांगून राह्यलं.

बद्रीनाथ : पुस्तक मला पाठ आहे.

सर्जेराव : मंग घोडं कुठं अडलं?

बद्रीनाथ : शिक्का स्वच्छ आहे. मत कुणाला द्यायचं होतं, याबद्दल कसलीच शंका नाही. बाजूला शाईचा डाग आहे. तो अंगठाच आहे का नुसतं बोट लागलंय, हे मला ठरवायचंय. निर्णय माझा आहे.

सर्जेराव : डाग? साहेब, तुमी तीर्थपुरीचे शेतकऱ्याच्या घरचे. अंगठा अन् डाग यातला फरक तुमाला म्या सांगावा काय? रेघा मोजून घ्या म्हणावं इतका साफ हाय.

बद्रीनाथ : आवाज कमी करा. बाहेर चारशे माणूस आहे.

सर्जेराव : म्हणूनच म्हणतो, जल्दी करा. गुलाल बी आणेल हाय अन् हलगीवाला बी. कुणासाठी वाजवायचं ते त्याला समजंना झालं.

बद्रीनाथ : लाईट गेलीय, पंखा बंद, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर उभे. बसा तरी.

सर्जेराव : बसतो. पण ऐका. जागा यंदा राखीव बाईची निघाली, म्हणून म्या बेबीनंदाला उभं केलं. तिचा नवरा सतरा वर्षं माह्या मळ्यात सालानं कामाला हाय. माह्यासकट आमी पाच व्हतो, त्यांची चार. बाकीच्या चारी जणायला चार दिवस शेगावला ठिवलं, एकाच गाडीत घालून आणलं, गाडीतून थेट ह्या खोलीत. तरी एक फुटला. त्यो कोण, ते बी मला आजच पाह्यजे.

बद्रीनाथ : ते तुम्हाला कधीच कळणार नाही. गुप्त मतदान त्यासाठीच असतं.

सर्जेराव : आमच्यातला तातेराव असंल. शेगावात दोनदा फोन करायला गेल्ता.

बद्रीनाथ : मला नावं सांगू नका.

सर्जेराव : बरं, त्यो फुटलेला राहू द्या. ह्या अंगठ्याचं बोलू. नवांत सही न येणारे दोघंच. एक भीमनगरातला कडूबा, त्यांच्या बाजूचा. दुसरी माही चुलती, झुंबरबाई. ती तर आपली. म्हणजे अंगठा कडूबाचा. हजेरीच्या वहीत सकाळी दोघायचे अंगठे घेतले ना तुमी? काढा वही. ताडून पाहू. कडूबाचा निघाला की मत बाद. चार-चार झाले की चिठ्ठी.

बद्रीनाथ : वही काढणार नाही.

सर्जेराव : का बरं?

बद्रीनाथ : मत कुणाचं हे शोधायचं काम माझं नाही. उलट ते झाकायचं काम माझं आहे.

सर्जेराव : तुमी ताडून पाह्यलं.

बद्रीनाथ : काय?

सर्जेराव : वही उघडी हाय तुमच्या हाताखाली. तुमी आधीच ताडलं. म्हणून घाम येऊन राह्यला. सांगा, कुणाचा हाय?

बद्रीनाथ : सर्जेराव, मी आता लिहायला घेतोय. नववी मतपत्रिका, शिक्का स्पष्ट, शाईचा किरकोळ डाग, मत ग्राह्य. पाच विरुद्ध चार. चांगुणाबाई सरपंच. तुम्हाला हरकत असेल तर लेखी द्या, मी जोडून पाठवतो.

सर्जेराव : साहेब, तुमची नोकरी अजून पंधरा वर्षं हाय. विस्तार अधिकाऱ्याची बदली कुठवर जाती, ठावं हाय ना? लेकरं जालन्याला शाळेत हाईत तुमची.

बद्रीनाथ : माझ्या लेकरांपर्यंत जाऊ नका.

सर्जेराव : म्या जात न्हाई. म्या फक्त सांगून राह्यलो.

बद्रीनाथ : कडी कोण वाजवतंय? थांबा म्हणून सांगितलं ना बाहेर?

झुंबरबाई : म्या हाव साहेब. झुंबरबाई. दार उघडंच हाय तुमचं.

सर्जेराव : काकू, तू कशाला आली? बाहेर बस. घसा कोरडा पडला असंल तर बेबीनंदाला पाणी माग.

झुंबरबाई : पाणी नगं. बाहेर समदे म्हणून राह्यले, एक मत अंगठ्यापायी अडलं. कोण म्हणतंय कडूबाचं. कडूबा बिचारा रडकुंडीला आला. समद्यायला हात जोडून राह्यला, म्या न्हाई म्हणून.

बद्रीनाथ : मावशी, तुम्ही बाहेर जा. मी विनंती करतो. काही बोलू नका.

झुंबरबाई : का नगं बोलू?

बद्रीनाथ : तुम्ही गप्प राहिलात तर पाच मिनिटांत सगळं नीट होतंय. माझं ऐका. पाया पडतो.

झुंबरबाई : माह्या पाया नगा पडू. एवढा शिकेल माणूस. साहेब, त्यो अंगठा माहा हाय.

सर्जेराव : काय म्हणली?

झुंबरबाई : माहा हाय म्हणलं. हे बघ, शिक्क्याची शाई अजून निघाली न्हाई.

बद्रीनाथ : मावशी, काय केलंत हे.

सर्जेराव : काकू, तुला समजलं नसंल. शिक्का मारताना चुकून चांगुणाबाईच्या नावावर गेला असंल. चित्र बघून मारायचं म्हणून शेगावात धा बार घोकून घेतलं व्हतं ना तुह्याकडून?

झुंबरबाई : घोकलं व्हतं. म्हणून तर बराबर मारला. जे तू नगं म्हणला व्हता त्याच्यावर मारला.

सर्जेराव : माह्या घरात राहून?

झुंबरबाई : तुह्या घरात न्हाई. माह्या नवऱ्याच्या खोलीत राहते म्या. किल्ली माह्या कमरंला हाय.

बद्रीनाथ : मी दोनदा सांगितलं होतं, फक्त शिक्का मारा. अंगठा कशाला दिलात?

झुंबरबाई : ऐकलं व्हतं तुमचं. शिक्का मारला म्या. पण शिक्का तर तुमचा. सरकारी. नवांनी त्योच मारला, उद्या दहावा बी मारंल. म्या गेल्यावर कुणी म्हणलं, झुंबरबाईचा शिक्का दुसरीकडं व्हता, तर म्या काय दाखवू? अंगठा माहा हाय. त्यो कुणाला मारता येत न्हाई. म्हणून शिक्क्याच्या बाजूला लावला. पक्कं व्हावं म्हणून.

सर्जेराव : हिला चांगुणाबाईनं काहीतरी खाऊ घातलं.

झुंबरबाई : चांगुणाबाईनं मला कागद दाखवला. भोकरदनच्या कचेरीतून नक्कल काढून आणली तिनं. भीमनगरात बोअर मंजूर झाल्ता. त्यो तिथून काढून तुह्या मळ्याच्या बांधाला घ्यायचा ठराव. खाली सह्या, अन् शेवटाला माहा अंगठा. मला वाचून दाखवला तिनं. म्या म्हणलं, म्या असा ठराव कधी केला? मला तर हजेरीचा अंगठा म्हणून घेतला व्हता. पाच वर्षं सदस्य म्हणून म्या हजेरीचाच अंगठा देत गेले.

सर्जेराव : ग्रामसेवक संपतनं लिव्हला त्यो. म्या न्हाई.

झुंबरबाई : बोअर कुणाच्या बांधाला हाय?

सर्जेराव : बोअरचं इथं काढू नगं.

झुंबरबाई : चांगुणाबाईची सून भीमनगरच्या विहिरीच्या पायऱ्यावरनं घसरली. हंडा डोक्यावर व्हता. हात मोडला, अजून सरळ व्हत न्हाई. ती पोरगी मला काकू म्हणती. बोअर ज्या अंगठ्यानं गेला, त्याच अंगठ्यानं म्या आणणार व्हते. मला लाज वाटती साहेब. जेवताना ह्या हाताकडं बघवत न्हाई.

बद्रीनाथ : मावशी, बसा. खाली नको, खुर्चीवर बसा. आता मी काय सांगतो ते ऐका. तुम्ही येण्याआधी मी ते मत धरलं होतं. लिहायला पेन उचललं होतं.

झुंबरबाई : मंग लिवा की.

बद्रीनाथ : आता नाही लिहिता येत. मतपत्रिकेवर कुणाचं मत ते ओळखू येईल अशी खूण असली की ते बाद करावं लागतं. मघाशी मला डाग म्हणता येत होतं. आता तुम्हीच माझ्यासमोर, ह्यांच्यासमोर सांगितलंत. मी आंधळा झालो तर माझी सहीच खोटी.

झुंबरबाई : मत खरं हाय का खोटं?

बद्रीनाथ : खरं आहे.

झुंबरबाई : शिक्का बराबर जागी हाय?

बद्रीनाथ : आहे.

झुंबरबाई : मंग बाद कशापायी?

बद्रीनाथ : तुमचं आहे हे कळलं म्हणून.

झुंबरबाई : माहं हाय म्हणून बाद?

बद्रीनाथ : हो मावशी. कुणी कुणाला धमकावू नये, म्हणून हा नियम केलाय. तुमच्यासारख्यांसाठीच केलाय. आणि तुमच्यावरच उलटला. मला लई वाईट वाटून राह्यलंय. पण मी हे मोजू शकत न्हाई.

सर्जेराव : झालं तर मंग. एवढंच म्या पहिल्यापासून सांगून राह्यलो. चार-चार. चिठ्ठी काढा. पेढ्याचा डबा हाय माह्याकडं, रिकामा करतो.

बद्रीनाथ : तुमचा डबा नको. तो पाण्याचा तांब्या पुसून द्या. चिठ्ठ्या मी लिहिणार, मी घडी घालणार, सगळ्यांना दाखवून मीच काढणार. बोलवा सगळ्यांना आत.

(अर्ध्या तासानं. तांब्यातून चिठ्ठी निघाली, नाव वाचून झालं. बाहेर हलगी वाजते आहे. बाकीचे सदस्य सह्या करून गेले आहेत.)

सर्जेराव : तांब्यात कुणी चिठ्ठ्या टाकत असतं का? ओलसर व्हता त्यो. एक चिठ्ठी तळाला चिकटली.

बद्रीनाथ : तांब्या तुम्हीच पुसून दिलात.

सर्जेराव : म्या कलेक्टरकडं जाणार. सोडणार न्हाई.

बद्रीनाथ : जा. हरकत लिहिलीय ना सहीखाली? झालं. चिठ्ठी तुम्हीच मागितली होती.

सर्जेराव : काकू, चल घरी. घरी बोलू.

झुंबरबाई : तू हो पुढं. म्या भीमनगरावरनं येते.

सर्जेराव : तुह्यापायी समद्या गावात हसं झालं माहं.

झुंबरबाई : व्हऊ दे. धुऊन निघंल.

बद्रीनाथ : गेले. मावशी, तुमचं तोंड का उतरलं? चांगुणाबाईच निघाल्या की. तुम्हाला पाहिजे होतं तेच झालं. बोअरचा ठराव त्या पहिल्याच बैठकीत घेतील.

झुंबरबाई : घेईल. बाई शब्दाची हाय. बोअर येईल. पण त्यो चिठ्ठीनं आणला. म्या कुठं आणला?

बद्रीनाथ : असं नका म्हणू.

झुंबरबाई : तांब्यातून दुसरी चिठ्ठी निघाली असती तर?

बद्रीनाथ : तर बेबीनंदाबाई झाल्या असत्या.

झुंबरबाई : म्हणजे म्या चार दिवस शेगावला कोंडून राह्यले, रातभर जागी राह्यले, सर्जेरावच्या तोंडावर बोलले, त्याचा काही उपेग न्हाई. तांब्यातला कागद माह्यापरीस मोठा.

बद्रीनाथ : मी वीस वर्षं नोकरी करतोय. अशा चाळीस निवडणुका घेतल्या. खरं मत बाद लिहायची पाळी आजच आली.

झुंबरबाई : तुमी खोटं न्हाई बोलले, ते बरं केलं. तुमच्यावर राग न्हाई माहा.

बद्रीनाथ : बसची वेळ होत आली. एवढं एक राहिलं. हा आजच्या सभेचा कागद. आठ जणांचं झालं, कडूबाचा अंगठा पण झाला. तुमचा राहिलाय.

झुंबरबाई : आधी वाचून दाखवा. वर काय लिव्हलं ते ऐकल्याबिगर आता म्या अंगठा देत नसते.

बद्रीनाथ : बरोबर आहे. ऐका. हजर सदस्य नऊ. बेबीनंदाबाई यांना चार मतं. चांगुणाबाई यांना चार मतं. बाद मत एक. समान मतं झाल्यानं चिठ्ठी टाकून चांगुणाबाई सरपंच म्हणून निवडून आल्याचं घोषित केलं.

झुंबरबाई : ते बाद एक कुणाचं, ते लिव्हलं का?

बद्रीनाथ : नाही. नाव लिहिता येत नाही. गुप्त असतं.

झुंबरबाई : समद्या गावाला ठावं हाय. फक्त ह्या कागदाला ठावं न्हाई.

बद्रीनाथ : तसंच आहे ते.

झुंबरबाई : अन् हा अंगठा कशाचा?

बद्रीनाथ : काही नाही मावशी. नुसता हजेरीचा. तुम्ही हजर होतात, एवढंच.

झुंबरबाई : व्हते का म्या?