वाकळंवरचा डाग

साताऱ्याच्या स्टँडवर सयाजी दहिवडीच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एकीच्या मांडीवर जुन्या लुगड्यांच्या वाकळंची घडी होती.

"आक्का, पर्दर्शनात नंबर न्हाई आला व्हय?"

"कसा येतोय! बक्षिसाचा हंडा गेला नव्याकोऱ्या छिटाच्या वाकळंला. नव्या कापडाची कवा वाकळ आसती का, बायडे? अंगाला नुसतं टोचतंय!"

"नंबर काढणाऱ्या सायबाला कळंना?"

"त्याच्या बायकूला कळलं की! तान्हं रडाय लागलं, तशी समद्या वाकळा चाचपत फिरली, अन् निजवलं त्याला माझ्याच वाकळंवर."

"बरं मग?"

"मग काय? मुतलं!"

सयाजीनं मिशीत हसू दाबलं.

"मागनं सायेब आला. म्हनला, वाकळ झ्याक हाय, पर वल्ली हाय, डाग पडलाय. कापलं मार्क! अन् ती बया शेजारी गप उभी!"

"आगं, मग तू का गप? तोंडावर सांगायचं, डाग तुमच्याच पोराचा हाय म्हनून!"

"सांगनार हुते. पर पोरगं तिच्या खांद्यावर झोपलं हुतं. माझा आवाज तुला ठावं हाय. उठलं आसतं गं."