रुमाल टाकलेली खुर्ची

...अन् वरून मलाच विचारतेत, "सिंधुताई, ही खुर्ची कुणाची हो?" अहो, रुमाल दिसत न्हाई का? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला तर आमचं अख्खं बिलोली गाव ती जागा सोडून बसतं, अन् इथं चर्चच्या आवारात, पहिल्या रांगेत, इस्त्री केलेला रुमाल टाकलाय मी, तर प्रत्येकीला तीच खुर्ची पायजे! "येणार हाय," म्हणलं, "येणार हाय!"

तुम्हाला सांगते, महिला मंडळाचं काम कुणी अंगावर घेऊ नये. पास्टरबाई गोड आवाजात म्हणल्या, "सिंधुताई, यंदा मेळाव्याला वारसा आणि भगिनीभाव असा विषय ठेवू या हं, यजमान तुम्ही!" मी हाव म्हणलं. मग मंडप बघा, खुर्च्या बघा, चहा बघा, माईक बघा... माईक तर असला, स्तुतिगीत सुरू झालं की शिट्टी मारायचा! आनंदराज, म्हणजे आमचे मालक, मागून म्हणतेत, "खामखा परेशान होऊ राहिलीस." खामखा? अहो, हा सगळा पसारा मी एका बाईसाठी मांडला होता, अन् ती बाई देगलूरला!

गौरम्मा. माझी अक्का. अकरा वर्षं झाली, बोलणं न्हाई. कशावरून? वाकळीवरून! आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. आई शेवटची तीन वर्षं अक्काकडं अंथरुणाला खिळून होती, हगणं-मुतणं समदं अक्कानं काढलं, अन् मी? मी सणासुदीला सफरचंदं घेऊन जाणारी पाहुणी! आई गेली, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला अक्का हळूच म्हणली, "वाकळ मी ठेवून घेते गं." अन् मी समद्या सोयऱ्यांसमोर काय बोलावं? "त्याच्यासाठीच केलीस का सेवा?" ...जीभ झडली असती तर बरं झालं असतं. अक्कानं वाकळ घडी घालून आत नेली. तेव्हापासून माझ्याशी बोललीच न्हाई.

म्हणून तर मीच सुचवलं, प्रत्येकीनं माहेरची एक वस्तू आणायची अन् तिची गोष्ट सांगायची, चांगलीला बक्षीस. म्हणलं, अक्का वाकळ घेऊन येईल, आईचं काहीतरी सांगेल, अन् मी उठून तिचे पाय धरीन. चारचौघांत बोलले, तर माफीबी चारचौघांतच मागायची! पत्रिका छापल्या, अक्काच्या पत्रिकेवर नाव माझ्या हातानं घातलं, पोस्टात टाकली.

झालं, पाच वाजता बायका आल्या. दोघींनी मिळून एक उखळ उचलून आणलं, एकीनं आजीचं पानं सुटलेलं गीतपुस्तक. गुरम्मा आजी गुडघे धरत आली ती थेट त्याच खुर्चीकडं. "बसू का गं?" "न्हाई आजी, अक्का येणार हाय." "कवा?" "येणार हाय ना!" म्हातारीला मागं स्टुलावर बसवलं मी, देव मला माफ करो. फाटकाशी रिक्षा थांबली की मी उठायचे. पास्टरबाई भगिनीभावावर बोलू राहिल्या, अन् माझा जीव सगळा फाटकाकडं!

साडेसहाला आला कोण? एसटीचा कंडक्टर! आमचं चर्च स्टँडसमोरच. काखेत बोचकं. "सिंधुताई कोण? देगलूरच्या बाईनं दिलंय." सोडलं तर वाकळ! आईचं हिरवं लुगडं वरच! म्हणलं, "अन् बाई? बाई उतरल्या का?" "न्हाई ताई, निरोप हाय. म्हणल्या, पत्रिकेत मागितली ती वस्तू पाठवली, आता तिचं माझ्याकडं काही राहिलं न्हाई."

अगं माय माय माय! मागितली? मी? पत्रिका काढून वाचली. 'येताना माहेरची वस्तू घेऊन यावे.' खाली, सिंधु. बस! अकरा वर्षांनी धाकट्या बहिणीचं पत्र आलं, अन् त्यात काय, तर वस्तू घेऊन ये! 'अक्का, माझं चुकलं' एवढं लिहायला काय शाई संपली होती का गं सिंधु तुझी?

अन् इकडं बायका टाळ्या वाजवू राहिल्या! "बघा बाई, येता आलं न्हाई तर वाकळ पाठवली, याला म्हणतेत बहीण!" पास्टरबाईंनी डोळे पुसले अन् पहिलं बक्षीस मलाच देऊन टाकलं. स्टीलचा डबा, झाकणावर चिठ्ठी, 'भगिनीप्रेम'. मी ढसाढसा रडले. बायका म्हणल्या, आनंदानं रडू राहिली.

मग रुमाल मीच उचलला अन् त्यालाच नाक पुसलं.

तो डबा काही घरात ठेववेना. शेंगदाण्याचे लाडू केले, अक्काला आवडतेत तसे, गूळ जरा जास्त. वर चिठ्ठी ठेवली, 'अक्का, माझं चुकलं. तू ये.' त्याच कंडक्टरच्या हाती दिला. आता आमच्यात शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत न्हाई, चिमूटभर साखर तरी टाकतेत. चार दिवसांनी डबा आला. घासलेला, पुसलेला. झाकण काढलं, आत काही न्हाई. एक दाणासुद्धा न्हाई.

आनंदराज म्हणले, "झालं आता समाधान?"

म्हणलं, अहो, रिकामा आला ना? म्हणजे लाडू तर ठेवून घेतले तिनं! चिठ्ठीबी ठेवून घेतली... येणार हाय.