फ्लास्कमधल्या अक्षता

मी उगाच चिडते म्हणता ना, मग हे ऐका. कोलशेतच्या आमच्या लॅबमध्ये खंडेनवमीला उपकरणांची पूजा असते. म्हणून आदल्या संध्याकाळी मी सगळे फ्लास्क घासले, डिस्टिल्ड वॉटरने विसळले आणि सुकायला रॅकवर पालथे घातले. आत फडक्याचा धागासुद्धा लागू देत नाही मी!

सकाळी येऊन बघते तर आमच्या सरांनी फ्लास्क सगळे सुलटे करून मांडलेले, आणि वरून मुठीमुठीने हळद-कुंकू, अक्षता उधळतायत. निम्मं आत!

"सर, हे काय?"

"अगं, पूजेला भांडी पालथी ठेवतात का? अपशकुन असतो."

"पण आता सगळे परत धुवा, परत सुकवा! दुपारी सॅम्पल्स लावायची आहेत माझी."

"एवढं काय त्यात? देवाचंच तर आहे. जरा विसळून घे."

आणि ताट घेऊन निघाले खाली, स्वतःच्या नव्या गाडीची पूजा करायला. मी धावत जाऊन ते ताट हातातून घेतलं.

म्हटलं, "द्या सर, गाडीची पूजा मी करते. तुम्ही फक्त पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा."