वहिनींचं अपहरण

वहिनी : घट्ट बांधा ना, भावजी. अशी गाठ तर कुणी बुटाच्या नाडीलाही मारत नाही.

भयंकर : तुमच्या मनगटाचं प्लास्टर आत्ताच कुठं निघालंय, वहिनी.

वहिनी : खलनायक ना तुम्ही? पहिल्यांदा पळवलंत तेव्हा घड्याळाच्या मनोऱ्याला उलटं टांगलं होतंत मला.

भयंकर : तेव्हा ओळख नव्हती. ओळखीच्या माणसाला उलटं टांगायला हात धजत नाही. नंतर तर तुमच्या लग्नालाही आलो. मिक्सर दिला होता.

वहिनी : अजून चालतो.

भयंकर : बॉम्ब होता त्यात. आयुष्यभर माझं हे असंच.

वहिनी : पण तुम्हाला ते ओळखतात. दारात दिसलात की चेहरा उजळतो त्यांचा. ‘भयंकर, तुझी घटका भरली!’ आणि मला विचारतात, ‘सिस्टर, गोळी कधीची?’

भयंकर : आजार आहे तो. मनाला लावून घेऊ नका.

वहिनी : नाही घेत. पण मला सोडवायला आले, की आधी नाव घेऊन हाक मारायचे. दोरी मग. ती हाक एकदा ऐकायचीय, बस. त्यासाठीच बोलावलं तुम्हाला.

भयंकर : आणि नाहीच मारली तर?

वहिनी : तर दोरी सोडा आणि चहा घेऊन जा.

भयंकर : किरणबंदूक भंगारात गेली हं. हेअर ड्रायर आणलाय.

वहिनी : चालेल. त्यांचा चष्मा सापडत नाहीये तसाही.

भयंकर : मग, हसू?

वहिनी : हसा. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय.

भयंकर : हा हा हा! झंझावात! तुझी प्रिया माझ्या… माझ्या… (खोकला लागतो) ताब्यात आहे!

वहिनी : पाणी देऊ?

भयंकर : बांधलेल्या बाईनं पाणी द्यायचं नसतं, वहिनी.

(आतल्या खोलीचं दार उघडतं. झंझावात येतो. पायात पायजमा, खांद्यांवर गाठ मारलेली चादर.)

झंझावात : भयंकर. पुन्हा तू.

भयंकर : पुन्हा मीच.

झंझावात : सोड त्यांना.

भयंकर : आधी सांग, ही कोण? नाव घे, लगेच सोडतो.

झंझावात : नाव कशाला हवं? माणूस बांधलेला दिसतोय मला.

भयंकर : घे रे नाव. जन्मात एकदा तरी माझं ऐक.

झंझावात : हात वर कर.

वहिनी : राहू द्या, भावजी.

भयंकर : थांबा हो, वहिनी. हे बघ गड्या, हरलो मी. बंदूक खाली ठेवली, हात वर केले. गुडघे टेकले असते, पण मग उठता येणार नाही. आता तरी सांग.

झंझावात : जा तू. परत या बाजूला दिसू नकोस.

भयंकर : वहिनी, मी बाहेर जिन्यात बसतो. लागलं तर हाक मारा.

झंझावात : घाबरू नका, बाई. गेला तो. गाठ तशी सैलच होती.

वहिनी : हो.

झंझावात : रडताय कशाला? मनानं वाईट नाही तो. हात दुखतोय का?

वहिनी : नाही.

झंझावात : घर कुठं तुमचं? सोडतो मी.

वहिनी : जवळच आहे. पण उडत नको. चालत जाऊ, हळूहळू.