नाण्यांवरचे हिरवे डाग

जुन्या नाण्यांच्या दुकानात माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. आईची चांदीची नाणी दोघांनी वाटून घेतली होती.

"ताई, तुझ्या नाण्यांना बुरशी लागलीय. मोडीत देऊन टाक."

"तूच निवडून दिलीस ना मला?"

"मोठी म्हणून आधी तुला दिली."

दुकानदाराने भिंग लावलं आणि डागाला लाकडी काडी टेकवली.

"बुरशी नाही ही. चांदीत थोडं तांबं असतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात ते असं हिरवं, चिकट होतं. ॲसिटोनमध्ये ठेवलं की निघेल. घासू मात्र नका."

"माझी बघा, कशी आरशासारखी चमकतात."

"कशाने घासलीत?"

"टूथपेस्टने. मी आणि बायको, आळीपाळीने."

"साहेब, यांच्यावरचा राजाच पुसला गेलाय. आता ही नुसती चांदी."

"आणि ताईची?"

"साफ झाली की घेणारे माझ्या दारात उभे राहतील."

"ताई, शेवटी आईची आठवण आहे गं. दोघांकडे सारखीच हवी. पुन्हा वाटणी करू या."

"करू की. आईच्या दुखण्यातल्या रात्रींपासून सुरू करू. त्यातली एकही तुझ्या वाट्याला आली नव्हती."

"तू ना, कुठला विषय कुठे नेतेस."